डाळिंब, दाह आणि आतड्यातले जिवाणू

डाळिंबातलं प्युनिकॅलॅजिन (त्यातलं एक मोठं वनस्पतिजन्य संयुग) थेट सांध्यात जाऊन सूज उतरवतं, असा एक दावा केला जातो. ते तसं होत नाही. हा रेणू इतका मोठा आहे की आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. पोटात त्याचं इलॅजिक आम्ल होतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची लहान संयुगं बनवतात. शोषली जातात ती ही. पेशी आणि उंदरांवरच्या प्रयोगांत युरोलिथिनने दाह वाढवणारे संदेश कमी केलेले दिसतात.

खरी गंमत इथेच आहे. हे काम करणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. काहींच्या शरीरात युरोलिथिन ए तयार होतं, काहींच्यात बीसुद्धा, आणि काहींच्यात काहीच नाही. म्हणजे सोलापूरचं तेच भगवा डाळिंब खाऊन नवरा-बायकोच्या रक्तात वेगळं चित्र दिसू शकतं! माणसांवरच्या चाचण्यांत सीआरपीचे (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) निकाल उलटसुलट येतात, त्याचं हे एक कारण असावं.

शिवाय प्युनिकॅलॅजिन मुख्यतः सालीत असतं. अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात ते बरंच उतरतं. आपण घरी दाणे सोलून खातो त्यात कमी. (तरी मी दाणेच खाईन, रसात साखर फार आणि तंतू गायब.)

आणि डब्यावरच्या 'ओआरएसी' (परीक्षानळीत मोजलेली ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता) आकड्यांवर जाऊ नका. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची यादी 2012 मध्येच संकेतस्थळावरून काढली, कारण परीक्षानळीतल्या आकड्यावरून शरीरातला परिणाम कळत नाही. आमवाताची औषधं चालू असतील तर ती डाळिंबाच्या भरवशावर बंद करू नका.