कोल्हापूरची स्वतःची प्रोफेशनल फुटबॉल टीम कधी होणार?

पेठेतला_नऊ_नंबर

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतोच. आपल्या कोल्हापूरची आय-लीग नाहीतर आयएसएल, म्हणजे देशातल्या वरच्या दोन लीग, खेळणारी टीम का नाही, आणि व्हावी असं वाटत असेल तर कुणी नेमकं काय करायला पाहिजे?

महाराष्ट्रात फुटबॉल म्हटलं की बाहेरच्या लोकांना मुंबई आठवते, फार तर पुणे. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार किंवा शिवाजी-खंडोबा अशी पेठांतल्या तालमींच्या टीमची मॅच असली की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, भर उन्हात दुपारपासून गॅलरी भरायला लागते, दुकान दुसऱ्याच्या हवाली करून माणसं येतात, आजोबा नातवाला घेऊन येतात आणि हाफटाइमला अख्खा स्टँड कोच झालेला असतो. ही सगळी गर्दी केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लोकल लीगला आणि चषकाच्या मॅचना. देशात अशा किती टीम आहेत ज्या वरच्या लीगमध्ये खेळतात पण त्यांच्या मॅचला याच्या निम्मी पण माणसं नसतात, ते टीव्हीवर दिसतंच की.

आणि पोरं पण आहेत आपल्याकडं. अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, मग जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा. निखिल कदम मोहन बागानची जर्सी घालून खेळला. मोहन बागान म्हणजे साधी गोष्ट नाही भावांनो. पण ही पोरं चांगली खेळायला लागली की आपल्याला परत कधी शाहू स्टेडियमवर दिसत नाहीत, कारण त्या लेव्हलचं इथं काही नाहीच, त्यांना जावंच लागतं.

२०२३ मध्ये देशाच्या फुटबॉल फेडरेशनने आय-लीगला डायरेक्ट एन्ट्रीसाठी बिड मागवल्या होत्या, त्यातून वाराणसीची इंटर काशी आली. दुसऱ्याच सीझनला, म्हणजे २०२४-२५ ला, आय-लीग त्यांच्या नावावर झाली, क्रीडा लवादापर्यंत केस लढून का होईना पण झाली, आणि ते आयएसएलला गेले. वाराणसीला जमतं तर मग आपल्याला काय अडचण आहे? कोणी मोठा उद्योगपती पुढं आला तर एका वर्षात होईल असं मला वाटतं. तुमचं मत सांगा, पुणे-मुंबई-गोव्याच्या लोकांनी पण लिहा.

बालेवाडी_वेस्ट

नऊ नंबर भाऊ, पुण्याचा आहे म्हणून सांगतो, "मोठा उद्योगपती पुढे आला की झालं" हे वाक्य आम्ही पुणेकरांनी चार वेळा जगून बघितलंय.

पुणे एफसी २००७ ला सुरू झाली, चांगली टीम, चांगली अकादमी, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये चर्चिलच्या मागे दुसरा नंबर. २०१५ ला बंद. भारत एफसी आली, एक सीझन खेळली, बंद. डीएसके शिवाजीयन्स, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी वगैरे, आय-लीगचे दोन सीझन आणि बंद. मग एफसी पुणे सिटी. या टीमवर आमचा खरंच जीव होता. २०१७-१८ चा सीझन आठवला तरी अजून अंगावर काटा येतो, मार्सेलिन्हो आणि अल्फारो समोरच्या डिफेन्सला झोपू देत नव्हते, मागे पोस्टमध्ये विशाल कैथ, विंगवर आशिक कुरुनियन. सेमी फायनलला पुण्यात बंगळूरला शून्य-शून्यवर रोखलं, दुसऱ्या लेगला त्यांच्या मैदानावर छेत्रीने तीन गोल केले आणि संपलं. आम्ही म्हटलं ठीक आहे, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षानंतर टीमच राहिली नाही. २०१९ ला पैशाच्या अडचणीत क्लब बंद झाला आणि आमच्या जागेवर हैदराबाद एफसी आली.

त्याच हैदराबादने मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली, आणि तुमचा अनिकेत त्या टीममध्ये होता! मी ती फायनल बघताना खूश पण होतो आणि पोटात तुटत पण होतं. पुढे २०२५ ला तीच टीम हैदराबादमधून पण उचलून दिल्लीला नेली, आता स्पोर्टिंग क्लब दिल्ली म्हणतात. म्हणजे आधी आम्ही पोरके झालो आणि मग हैदराबादची पोरं.

पब्लिक कमी पडलं म्हणून यातलं काही झालं असं मी मानत नाही. टीम कागदावर कोणाच्या मालकीची होती हा मुद्दा आहे. मालकाचा धंदा अडचणीत आला, किंवा त्याचा इंटरेस्ट गेला, की क्लब जातो, आणि स्टँडमध्ये घसा फोडणाऱ्या माणसाला एक ईमेल पण येत नाही. तुमच्याकडे तालमी शंभर-शंभर वर्षं टिकल्या कारण त्या पेठेच्या आहेत. ते सोडून आमच्या वाटेने येऊ नका, हात जोडून सांगतो.

आणि इंटर काशीचं म्हणाल तर त्यांच्या आय-लीगच्या होम मॅच बंगालमध्ये कल्याणीला व्हायच्या, वाराणसीत नाही. तुम्हाला नावात कोल्हापूर असलेली टीम पाहिजे की कोल्हापुरात खेळणारी?

जुना_सेंटरहाफ

शिवाजी पेठेतलाच माणूस, वय सांगत नाही पण बरीच वर्षं मैदान बघितलंय. बाळा, तुझी तळमळ पोचली. तरीपण दोन गोष्टी सांगतो त्या ऐक.

पहिली म्हणजे आपलं पब्लिक फुटबॉलवर प्रेम करतं हे खरं, पण ते प्रेम आधी पेठेवर आहे. पाटाकडीलवाला आणि खंडोबावाला एकाच गॅलरीत बसून एकाच टीमला ओरडणार हे बोलायला सोपं आहे. टीममध्ये कुणाची किती पोरं, कॅप्टन कुठला, कोच कुठल्या तालमीचा, इथूनच सुरुवात होणार. मॅचनंतर दगडफेक आणि हाणामाऱ्या झाल्यात, सामने थांबवायची वेळ आलीय, पोलीस बंदोबस्ताशिवाय मोठी मॅच होत नाही. बाहेरून पैसे घालणारा माणूस हे सगळं बघतो आणि परत जातो. हे आपण आधी आपल्या आपल्या पेठेत बसून बंद केलं पाहिजे, ते दुसरं कोणी येऊन करणार नाही.

दुसरी गोष्ट सीझनची. आपली केएसए लीग आणि चषक हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतात, देशातल्या लीग पण त्याच महिन्यांत. मग चांगलं पोरगं तालमीकडून खेळणार की शहराच्या टीमकडून? तालमी काही नुसत्या टीम नाहीत, वर्गणी काढून, कार्यकर्त्यांनी खिशातनं घालून, परदेशी खेळाडू आणायचा तर त्याची राहायची-जेवायची सोय करून हे सगळं चाललंय. तिथलं चांगलं पोरगं काढून घेतलं आणि बदल्यात तालमीला काही मिळालं नाही, तर वरची टीम उभी राहीपर्यंत खालचं मैदान ओस पडेल. माझा विरोध नाही. मला मरायच्या आधी ही टीम बघायची आहे. पण तालमींना बाजूला ठेवून केली तर ती टिकणार नाही आणि मी पण जाणार नाही बघायला.

मडगावचो_गोलकीपर

नमस्कार, मी गोव्याचा, घरी कोंकणी पण मराठी वाचूनच मोठे झालो. सेंटरहाफ काका बोलतात त्यातली खालचं मैदान ओस पडायची गोष्ट आमच्याकडे थोडी झालेली आहे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघांनीही आय-लीग सोडली, आयएसएलला वर ठेवून आम्हाला खाली ढकलणारा प्लॅन मान्य नाही म्हणून. धेंपोने तोपर्यंत देशाचं टायटल पाच वेळा जिंकलेलं होतं. एफसी गोवा आमची आहेच, फातोर्डा भरतो, मी पण जातो. पण जुन्या क्लबांच्या मॅचला जी माणसं दिसायची ती हळूहळू कमी झाली त्याचं दुःख वेगळं आहे.

तरी एक चांगली गोष्ट सांगतो. धेंपो संपली नाही. घराणं इथलंच, क्लब इथलाच, गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, पोरं तयार करत राहिले, आणि २०२३-२४ ला आय-लीग टू मध्ये दुसरे येऊन परत आय-लीगला आले. पुण्याच्या भावाचं आणि आमचं हे कम्पेअर करून बघा. मुळं गावात होती म्हणून क्लब खाली जाऊन परत वर येऊ शकला.

लायसन्सवाला

मी एका छोट्या क्लबचं ऑफिसचं काम बघायचो, त्यामुळे जरा रस्ता सांगतो कारण वर सगळे भावना बोलले आणि त्या बरोबरच आहेत, पण नऊ नंबरने "काय करायला पाहिजे" विचारलंय.

देशात आता वरपासून खालपर्यंत जिना आहे. आयएसएल, खाली आय-लीग (२०२६ ला तिचं नाव इंडियन फुटबॉल लीग झालं), खाली आय-लीग टू, आणि २०२३-२४ पासून आय-लीग थ्री. थ्रीमध्ये यायला राज्य असोसिएशनकडून नाव जावं लागतं, म्हणजे आपल्या केसमध्ये विफाकडून (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन). डायरेक्ट एन्ट्रीचे कोटी भरायची गरज नाही. पंजाब एफसी २०२३ ला आय-लीग जिंकून आयएसएलला गेली, २०२४ ला मोहमेडन गेली, म्हणजे वरचा दरवाजा उघडतो हे सिद्ध झालंय.

आणि वाराणसीपेक्षा तुम्ही डायमंड हार्बर बघा. कोलकात्याच्या दक्षिणेला नदीकाठचं छोटं गाव, क्लब सुरू झाला २०२२ ला. आय-लीग थ्री जिंकली, लगेच २०२४-२५ ची आय-लीग टू जिंकली, आणि २०२५ च्या ड्युरंड कपला सेमीत ईस्ट बंगालला हरवून फायनल गाठली. फायनलला नॉर्थईस्टने सहा-एक असं धुतलं ते सोडा. त्यांच्या मागे खासदाराचं वजन आहे, पैसा आहे, ते मान्य, पण आले खालून, जिना चढत. कोल्हापूर हे गाव त्यापेक्षा कितीतरी मोठं आणि फुटबॉल कितीतरी जुना.

अडचण येते ती लायसन्सिंगला. क्वालिफाइड कोच लागतात, वयोगटाच्या टीम लागतात, मेडिकल, अकाउंट्स ऑडिट झालेले, स्टेडियमला ड्रेसिंग रूम, अॅम्ब्युलन्स, टीव्हीसाठी फ्लडलाइट, प्रेक्षकांची सेफ्टी. शाहू स्टेडियमचं लोकेशन आणि माहोल देशात कुठं मिळणार नाही पण या यादीत ते किती बसतं हे आधी कोणीतरी कागद घेऊन तपासायला हवं. काकांनी सांगितलेला गॅलरीतला राडा पण याच यादीत येतो, सेफ्टीत नापास म्हणजे मॅच दुसऱ्या गावाला.

आयएसएलच्या मागे तर आत्ता लागूच नका. जुलै २०२५ ला फेडरेशन आणि आयएसएल चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आला म्हणून पुढचा सीझनच थांबवला होता, मोठमोठ्या क्लबांनी पगार-सराव बंद केले. अशा वेळी खालून सावकाश बांधलेलं बरं.

आणि एक, सगळे विसरले म्हणून लिहितो. कोल्हापूर सिटी या नावाने पोरींची टीम इंडियन विमेन्स लीग खेळून आलेली आहे. म्हणजे कोल्हापूरच्या नावाची टीम नॅशनल लीगमध्ये गेलीच नाही असं नाही, पोरी गेल्या. तेव्हा त्यांच्या मागे आपल्यातले किती उभे राहिले?

पेठेतला_नऊ_नंबर

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. पुण्याच्या भावाचं वाचून उद्योगपतीचा विषय मी सोडला. लायसन्सवाले दादा, पोरींच्या टीमचं बोललात ते लागलं, आणि बरोबर लागलं.

काका, तुम्हाला विचारतो. समजा नवीन क्लब काढला नाही आणि तालमींनीच मिळून एक कंपनी किंवा सोसायटी केली, प्रत्येक तालमीचा हिस्सा सारखा, पोरगं वर गेलं की तालमीला ठरलेले पैसे, आणि कोच मुद्दाम बाहेरचा, म्हणजे कुठल्या पेठेचा हा वादच नाही. दिवाळीत गडहिंग्लजला ऑल इंडिया स्पर्धा होते तिथं ही टीम पहिल्यांदा उतरवून बघायची, एंट्री मिळाली तर. तिथं बाहेरच्या टीमसमोर आपली सगळी पोरं एका जर्सीत बघितली तर गॅलरी काय करते ते कळेल. असं काही मांडलं तर तुमच्या तालमीतली जुनी माणसं ऐकून तरी घेतील का?

जुना_सेंटरहाफ

ऐकून घेतील. हिस्सा सारखा म्हणालास ना, ते आधी सांग, बाकीचं नंतर. आमच्याकडं मी बोलतो, पाटाकडील आणि दिलबहारकडं तुमच्या वयाची पोरं शोध, मोठ्यांकडनं गेलास तर जुनी भांडणं आधी निघतील. आणि पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहून काढायचा, पेठेत नुसत्या बोलीवर ठेवलं की फाटतं.

बालेवाडी_वेस्ट

गडहिंग्लजला उतरलात तर तारीख इथे टाका. पुण्यातून आम्ही जुनी मंडळी गाडी करून येतो, ड्रम आमच्याकडे अजून आहेत.

लायसन्सवाला

स्टेडियमची यादी मी तयार करून देतो, फेडरेशनचे नियम मराठीत सोपे करून. कोल्हापुरातल्या कोणीतरी टेप आणि वही घेऊन मैदानावर जायला लागेल. ड्रेसिंग रूमपासून सुरू करा.