अपघात पाहिल्यापासून नवरा गप्प झालाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुंबई-गोवा हायवेवर माणगावजवळ यांच्या डोळ्यांदेखत ट्रकने एका बाइकवाल्याला उडवलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हे त्या मुलाजवळ बसून होते. तो वाचला नाही. महिना उलटला तरी यांना धड झोप नाही. हॉर्न वाजला की दचकतात, बाइकला हात लावत नाहीत, कामाला एसटीने जातात. त्या दिवशीची पँट धुऊन ठेवलीय, ती घालतही नाहीत आणि टाकूही देत नाहीत. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली (माझी हरकत नाही, पण तेवढ्याने भागणार नाही).

खोदून विचारू नये, आपणहून बोलतील तेव्हा ऐकावं, एवढं मला कळतं. पण आता डॉक्टरांना दाखवायलाच हवं असं वाटतं. 'मी काय वेडा आहे का?' म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही कसं तयार केलंत? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर घरच्यांनी आधी बोलून घेतलंय का कुणी?

शिवाय पोलीस जबाबाला बोलावतील याची धास्ती. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे, हे दाखवूनही पटत नाही. महाड-माणगावकडे किंवा ऑनलाइन, मराठीत बोलणारे चांगले समुपदेशक माहीत असतील तर प्लीज मेसेज करा.