‘११ चालणार नाही’ म्हणतोय, आता काय करू?

शनिवार

ए-१०४ : नमस्कार सोसायटीतल्या मंडळी. माझा डेस्कटॉप विंडोज १० वर आहे. ११ घ्यायला गेलो तर हा पीसी पात्र नाही असं सांगतोय. मशीन ठणठणीत चालतंय हो. टाकून द्यायचं का?

बी-६०२ : काका, टाकू बिकू नका. ७०१ ला विचारा, तो दिवसभर हेच करतो.

सी-७०१ : काका, विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीन त्यामुळे बंद पडत नाही. पण उद्या सुरक्षेत नवीन भोक सापडलं तर आपणहून बुजवायला कोणी येणार नाही. ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप. कधी कधी ते मशीनमध्ये असतं, नुसतं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. चौकट उघडेल, त्यात इंग्रजीत टीपीएम, टिंब, एमएससी असं जोडून लिहा आणि एंटर. काय येतंय?

ए-१०४ : टीपीएम सापडत नाही असं आलं.

सी-७०१ : मशीन कधीचं?

ए-१०४ : २०१४.

सी-७०१ : मग बायोसमध्ये शोधत बसू नका. टीपीएम मिळालं तरी इतका जुना प्रोसेसर ११ च्या यादीत नाही. जुगाड करून चढवणारे आहेत, पण मी ते काकांच्या मशीनवर करणार नाही. लिनक्स मिंट बघा, विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम.

ए-१०४ : लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं ना? या वयात नको रे.

सी-७०१ : 😄 नाही हो काका. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. तुम्हाला ओळखीचं वाटेल. आणि लगेच चढवायचंही नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर मिंट तयार करून देतो. कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होतो, हार्ड डिस्कला हात लागत नाही. आवाज येतोय का, वायफाय लागतंय का, प्रिंटर दिसतोय का, सगळं बघून घ्या. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा आणि रीस्टार्ट करा, जुनं विंडोज जागेवर. फक्त त्या पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा रिकामाच द्या.

डी-२०५ : मी मध्येच बोलते. मी तीन महिन्यांपूर्वी विंडोजवरून मॅकवर आले. माझी बोटं अजून जुन्याच मशीनवर आहेत 😫 कंट्रोल सी, कंट्रोल व्ही दाबत बसते, काहीच होत नाही. फाइलवर एंटर मारला की उघडायच्या ऐवजी नाव बदलायला मागतं. आणि कट कुठे गेलं?

सी-७०१ : ताई, तिकडे कंट्रोलची बहुतेक कामं कमांड करतं. कमांड सी, कमांड व्ही. फाइल उघडायला कमांड ओ. फाइल हलवायची तर आधी कट नाही, साधं कमांड सी, आणि नव्या जागी जाऊन ऑप्शन-कमांड-व्ही. मॅकचं म्हणणं, हलवायचं की नुसती प्रत ठेवायची ते शेवटी ठरवा. मला तर विंडोजपेक्षा हेच पटतं.

बी-६०२ : आणि लाल गोळा दाबून प्रोग्रॅम बंद होतो असं समजू नका. माझ्या बायकोच्या मॅकवर एकदा अकरा प्रोग्रॅम मागे चालू होते. खिडकी बंद झाली तरी प्रोग्रॅम जिवंत असतो. कमांड क्यू दाबा. अडकलाच तर ऑप्शन-कमांड-एस्केप.

डी-२०५ : अच्छा!! आणि चाक फिरवलं की पान उलटीकडे जातं ते?

बी-६०२ : सेटिंग्जमध्ये माउसखाली नॅचरल स्क्रोलिंग आहे, ते बंद करा.

सी-५०३ : ज्यांची गाडी गेटसमोर आहे त्यांनी कृपया काढावी. टेम्पो उभा आहे.

बी-३०३ : माझा लॅपटॉप नवा आहे, ११ चालतंय. तरी लिनक्सही हवंय. दोन्ही ठेवता येतात ना?

सी-७०१ : येतात. पण आधी दोन गोष्टी. एक, नव्या लॅपटॉपवर डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद असते, बिटलॉकर. बायोसमध्ये किंवा सुरू होण्याच्या क्रमात काही बदललं की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच बघून कागदावर लिही. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवू नकोस, लोक तेही करतात.

दोन, घड्याळ. मशीनच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. म्हणून लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये गेलास की वेळ साडेपाच तास मागे दिसेल. काही बिघडलेलं नसतं. लिनक्सला आतलं घड्याळ स्थानिक वेळेचं मान असं एकदा सांगायचं, मी येऊन करून देईन.

रविवार

सेक्रेटरी : ७०१, तू आहेस तोवर विचारतो. २०५ च्या ताईंनी कार्यक्रमाचे फोटो पेनड्राइव्हवर दिले. प्रत्येक फोटोची एक जुळी फाइल आहे, नाव टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होतं. टीव्हीवर लावलं तर एक फोटो दिसतो, पुढचा एरर. व्हायरस आहे का?

डी-२०५ : अहो माझ्याकडे तर दिसतच नाहीत त्या फायली 😳

सी-७०१ : व्हायरस नाही. मॅक फाइलबद्दलची स्वतःची टिपणं अशा जुळ्या फायलीत ठेवतो, आणि स्वतः दाखवत नाही. विंडोजवर खुशाल डिलीट करा, फोटोला काही होत नाही.

आणि ताई, पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून ठेवा. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे वाचता येतो, लिहिताही येतो. विंडोजचा एनटीएफएस मॅक नुसता वाचतो, त्यावर लिहीत नाही. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, म्हणून तुमचा व्हिडिओ त्या दिवशी गेला नाही. पेनड्राइव्हवर जागा शिल्लक दिसूनही नाही म्हणतो, ते हेच.

बी-६०२ : आणि इजेक्ट केल्याशिवाय उपटू नका. विंडोजवर चालून जातं, म्हणून सवय लागते. लिनक्सवर कॉपी संपली असं दिसतं, तरी मागे लिहिणं चालूच असतं.

ए-१०४ : मंडळी, ७०१ ने पेनड्राइव्ह दिला, मिंट सुरू झालं. वायफाय लागलं, प्रिंटर आपणहून दिसला, सीडी मागितली नाही. पण एक घोटाळा आहे. मी सेक्रेटरी असतानाची इतिवृत्तं उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. पंधरा वर्षांचं काम आहे. ते गेलं का?

सी-७०१ : गेलं नाही काका, विंडोजवर अजून उघडतं ना?

ए-१०४ : हो, तिथे नीट आहे.

सी-७०१ : मग ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली आहेत. फाइलमध्ये खरं म्हणजे इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. नव्या सिस्टिमवर तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा उतरला. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टची फाइल कॉपी करून मिंटमध्ये बसवली की दिसायला लागेल.

पण तेवढ्यावर थांबू नका. विंडोज आहे तोवर प्रत्येक इतिवृत्ताची पीडीएफ काढा, म्हणजे निदान वाचायला कायमचं राहील. मग सवडीने युनिकोडमध्ये बदलू, म्हणजे फाइलमध्येच खरी मराठी अक्षरं येतील. ऑनलाइन कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यात सभासदांची नावं आणि थकबाकी चिकटवू नका. मी घरच्या मशीनवर चालणारा शोधतो. बदलल्यावर जोडाक्षरं वाचून घ्यावीच लागतील, काही ठिकाणी र हमखास चुकतो.

सेक्रेटरी : हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडेही २००९ पासूनची नोंद तशीच आहे.

सी-७०१ : म्हणून तर म्हणतो, आधी फायली तपासा, सिस्टिम नंतर. मिंट चढवायला अर्धा तास पुरतो. नंतर फायली सापडत नाहीत म्हणून माणूस महिनाभर जुन्या मशीनकडे पळत राहतो.

डी-२०५ : आणि टाइप कसं करायचं? मॅकवर मला मराठी जमत नाही.

सी-७०१ : फोनसारखं इंग्रजी अक्षरांत लिहायची सवय असेल तर प्रत्येक सिस्टिमवर वेगळं निघतं. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड मात्र तिन्हीकडे असतो आणि अक्षरं त्याच जागी. आठवडाभर चिडचिड होईल. ‘दुसऱ्या’ मधला र बघा : शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ, म्हणजे य. तो एकदा जमला की बाकी सोपं आहे.

सोमवार

ए-१०४ : हा मेसेज मिंटवरून, ब्राउझरमधून. ‘दुसऱ्या’ लिहायला चार वेळा प्रयत्न केला, आता आलं. २०११ पर्यंतच्या इतिवृत्तांच्या पीडीएफ झाल्या. सेक्रेटरी साहेब, २०१२ चं पार्किंगचं इतिवृत्त मी उघडलंय. गेटसमोर गाडी लावायची नाही हा ठराव त्यातच आहे, पाठवतो.

सी-५०३ : 🙏🙏