टुरिस्ट व्हिसावर परदेशात शेतावर राहून काम केलेलं चालतं का?

घणसोलीची_पोर

नमस्कार मंडळी, वय २७, राहते घणसोलीला, महापेला आयटीत पाच वर्षं झाली. पुढच्या वर्षी नोकरी सोडून सहा-आठ महिने पाठीवर सॅक टाकून फिरायचं पक्कं केलंय, साडेतीन लाख बाजूला टाकलेत. एक मैत्रीण म्हणते वूफिंग कर, म्हणजे सेंद्रिय शेतावर रोज चार-पाच तास काम करायचं, बदल्यात राहणं-जेवण फुकट, आणि पगार हातात येत नाही म्हणून टुरिस्ट व्हिसा चालतो. न्यूझीलंडमधल्या एका शेतमालकीणबाईंशी बोलणं पण झालंय, गाईंना चारा घालणं आणि भाजीच्या वाफ्यातलं तण काढणं असं काम आहे. जुन्नरला मामाकडे सुट्टीत कांदा काढायला जायचे तेवढाच शेतीचा अनुभव. नंतर ऑस्ट्रेलिया पण करायचंय. आई सारखी विचारते की तिकडे जाऊन शेतमजुरी कशाला, तिला काय सांगू तेही कळत नाहीये. कोणी केलंय का असं?

कोपरीकर

ताई, मैत्रिणीचं ऐकू नका, कळकळीने सांगतोय. न्यूझीलंडमध्ये राहणं-जेवण मिळालं तरी ते काम केल्याचा मोबदलाच धरतात, त्यामुळे व्हिजिटर व्हिसावर वूफिंग चालत नाही. ब्रिटनमध्येही तेच. 'पैसे घेतले नाहीत म्हणजे काम नाही' हा आपला समज आहे, कायदा तसं बघत नाही.

माझंच सांगतो, देशाचं नाव घेत नाही. विमानतळावर विचारलं कुठे राहणार, मी खरं सांगितलं की एका शेतावर. मग बाजूला बसवलं, फोन मागितला, त्यात शेतमालकाशी झालेलं चॅट होतं, 'सकाळी सहाला कोंबड्या सोडायच्या' वगैरे. चार तासांनी परतीच्या विमानात बसवलं. तिकिटाचे पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण आता कुठल्याही देशाचा व्हिसा फॉर्म भरताना 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला आहे का' तिथे हो लिहावं लागतं आणि सोबत खुलासा जोडावा लागतो. वयाच्या २४व्या वर्षी केलेली चूक, अजून सोबत आहे.

पाचपाखाडीचा_बंड्या

कोपरीकर म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण घणसोलीकर, तुझ्यासाठी सरळ रस्ता आहे आणि मी त्याच रस्त्याने जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास ४६२, भारतीयांसाठी सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. वर्षाला फक्त १००० जागा, वय १८ ते ३०, त्यामुळे सोडत काढतात. सोडतीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं. नंबर लागला तर २८ दिवसांत अर्ज टाकावा लागतो, म्हणून बारावीनंतरच्या किमान दोन वर्षांच्या शिक्षणाचे कागद, इंग्रजीची परीक्षा, खात्यात साधारण ५००० डॉलर हे सगळं आधीच तयार ठेव. ते ५००० म्हणजेच तीन लाखांच्या आसपास झाले, तिकीट आणि व्हिसाची फी वेगळी, त्यामुळे साडेतीन लाखांत ओढाताण होईल, पाच तरी जमव.

मी कॅथरीनला आंबे काढले, डार्विनच्या खाली तीनेकशे किलोमीटर. आमचं गाव देवगडकडे, म्हटलं आंबा आपल्याला काय नवीन, पण तिकडची पद्धतच वेगळी. आपल्याकडे झेल्याने देठासकट उतरवतात, चीक सांडू देत नाहीत. तिकडे मोठं यंत्र झाडांच्या ओळीतून चालतं, त्याच्या ताडपत्रीवर साबणासारखं पाणी उडत असतं आणि आपण फळ देठापासून तोडून त्यात टाकत जायचं, म्हणजे चीक लगेच धुतला जातो. फळाचा धुतला जातो, आपला नाही! पहिल्या दिवशी मी कॉलर उघडी ठेवली, चीक मानेवर ओघळला, घामात कळलंच नाही, रात्री बघतो तर भाजल्यासारखा पट्टा, काळा डाग दोन महिने होता. ऑक्टोबरात तिकडे पारा चाळीसच्या आसपास. लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मानेला क्रीम, एवढं कितीही उकडलं तरी सोडू नकोस.

पैशाचं. तिथे फळं काढायचं काम कधी तासावर असतं तर कधी पेट्यांवर, पण एप्रिल २०२२ पासून पेट्यांवर काम असलं तरी तासाचं किमान वेतन द्यावंच लागतं. माझ्या पहिल्या ठेकेदाराने हे सांगितलंच नाही, वर खाटेचे पैसे कापले. मी रोज वहीत तास लिहून ठेवले होते, सुरू कधी, सुटी कधी, सगळं. ती वही समोर ठेवून फेअर वर्कचं, म्हणजे तिकडच्या कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी ऑफिसचं नाव काढलं तेव्हा फरक मिळाला. टॅक्स ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कापतात. पीएफसारखं सुपर असतं, ते देश सोडल्यावर मिळतं पण त्यातले ६५ टक्के कर म्हणून जातात, त्यामुळे त्या पैशांवर काही प्लॅन करू नकोस. आणि दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरलेल्या भागात तीन महिने पगारी काम लागतं, पेस्लिप जपून ठेव. फुकटचं वूफिंग त्यात धरत नाहीत.

अजून एक, ऑस्ट्रेलियात उतरताना बाहेरची माती आणि खाणं कडक तपासतात. जुन्नरला घालायचे बूट नेणार असशील तर तळाची माती जुन्या टूथब्रशने खरवडून काढ. आईने दिलेलं खाणं उतरताना भरायच्या कार्डावर जाहीर कर, मी आमसुलंसुद्धा लिहिली होती, बघून परत दिली. लपवलं तर दंड होतो.

वाशीचे_काका

मुलीला जाऊ द्यावं या मताचा मी आहे, माझी लेकही यंदा सोडतीत आहे. फक्त एजंटांपासून सांभाळा. इकडे एकाने 'फार्म व्हिसा गॅरंटी' म्हणून चार लाख मागितले. अहो, जिथे सोडत आहे तिथे गॅरंटी कोण देणार? परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, नाव नसेल तर दारातूनच परत फिरा. आणि बाळ, आईला शेताचा पत्ता, तिथल्या मालकाचा फोन आणि विम्याची पॉलिसी हातात दे. लेकीने हे द्यायचं कबूल केलं, तेवढ्यानेच आमच्या सौं.ची निम्मी काळजी उतरली.

घणसोलीची_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार, कोपरीकर तुमचे विशेष. आत्ताच त्या न्यूझीलंडच्या बाईंना कळवलं की येत नाही, त्याही म्हणाल्या बरं झालं विचारलंस. सोडतीचं बघते, वय हातात आहे अजून तीनेक वर्षं. तोवर भारतातल्याच एखाद्या सेंद्रिय शेतावर महिनाभर राहून बघेन, व्हिसाचा प्रश्नच नाही. बंड्या, एक विचारायचं होतं, माझ्या पॅनवर आडनाव आधी आलंय आणि पासपोर्टवर शेवटी, चालेल का?

पाचपाखाडीचा_बंड्या

चान्स घेऊ नकोस. सोडत उघडायच्या आधीच पॅन दुरुस्तीला टाक, ऑनलाइन होतं. आणि आईला सांग आंबे काढायला चाललेय, कोकणात लोक पिढ्यान् पिढ्या तेच करतात.