साडेतीन कोटी डॉलर सोडणारा स्वार्थी?

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं सक्तीचं सराव शिबिर चुकवून त्यांचा तेव्हाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) अ‍ॅरन रॉजर्स इजिप्तला गेला, म्हणून तो मुळातच स्वार्थी, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. शिबिर चुकवणं वाईटच होतं, त्याची पाठराखण मी करणार नाही. चाळिशीतल्या क्वार्टरबॅकने, तेही आदला अख्खा मोसम दुखापतीत गेल्यावर, तिथे असायलाच हवं होतं.

पण रॉजर्सच्या जुलै २०२३ च्या कराराचा विषय ही टीका करताना कुणीच काढत नाही. त्याचे पुढच्या दोन वर्षांचे जवळपास ११ कोटी डॉलर पक्के होते. ते त्याने आपणहून साडेसात कोटींवर आणले, म्हणजे साधारण साडेतीन कोटी सोडले. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कडक मर्यादा असते. क्वार्टरबॅकने जास्त घेतलं की तेवढं बाकीच्यांसाठी कमी उरतं. त्यामुळे ही सूट मालकाच्या खिशापेक्षा संघाच्या कामी येते, बाकीचे खेळाडू घ्यायला जागा मोकळी होते. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, जेट्सकडून पहिल्याच सामन्यात, चौथ्याच स्नॅपला, म्हणजे चौथ्याच चालीला, त्याच्या टाचेवरची अकिलिस शीर तुटली! त्या रात्री मला खरंच फार वाईट वाटलं होतं. हेकेखोर म्हणा, लहरी म्हणा, कोविडच्या लशीबद्दल त्याने लोकांची दिशाभूल केली तेही म्हणा, मी वाद घालणार नाही. पण ज्याने सहकाऱ्यांसाठी एवढी रक्कम सोडली, त्याला सरसकट ‘स्वार्थी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.