उंदरांसाठी एअर रायफल: ४.५ का ५.५ मिमी?

बागवाला: मागे कोंबड्यांचं खुराडं आहे, दाण्यावर मोठाले उंदीर येतात आणि वरून कबुतरांची घाण वेगळीच, एअर रायफल घ्यायचा विचार चाललाय, कुठली घेऊ?

छर्रेबाज: उंदराला ५.५ मिमी जाडीच्या छर्ऱ्याची घ्या, छर्रा जड, दणका जास्त. ४.५ चा सरळ जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं, पण आरपार जाऊ शकतो. स्प्रिंगवाली घेतलीत तर पुढचा हात आवळू नका, नुसती तळहातावर टेकवा, कारण छर्रा नळीतून सुटायच्या आधीच ती हलते. आणि डोक्यावर नेम बसत नसेल तर मारूच नका राव, जखमी उंदीर बिळात कुजतो.

मनीमाऊ: पक्ष्यांचं आधी कायद्यात बघा, बरेच जंगली पक्षी संरक्षित असतात, काही ठिकाणी रायफललाच लायसन्स लागतं.

छर्रेबाज: हो, आणि निशाण्यामागे मातीचा ढीग पाहिजे, दगडावरून छर्रा उलटतो, चष्मा लावाच.

मनीमाऊ: दाणा रात्री उघडा राहिला तर कितीही मारा, नवे येणारच. जाळी आहे का?

बागवाला: आहे, पण अंगठा जातो भोकातनं.

मनीमाऊ: मग पिल्लं आरामात येत असणार! ६ मिमीची लावा, रायफलचं नंतर बघू.