गिरगावात माणसं कमी झाली, की फक्त आपली माणसं कमी झाली?

चाळकरीण

माझं माहेर खेतवाडी, सासर डोंबिवली. बाबा अजून चाळीतच राहतात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. इमारत सेसची, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणारी जुनी; खोली पागडीची, म्हणजे एकदा मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने कायमची घेतलेली. पुनर्विकास होणार हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. या वेळी मात्र बिल्डरने नकाशे आणून चाळीच्या चौकात टेबल मांडलंय आणि बहुतेकांनी संमतीच्या सह्या दिल्यात.

त्यावरून घरात रोज वाजतं. बाबांचं म्हणणं, गिरगाव ओस पडतंय. पुरावे त्यांचे स्वतःचे. गिरणीवाल्याकडे पूर्वी डब्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची, डबा ठेवून घरी जावं लागायचं. आता तो दुपारी एकलाच शटर ओढतो. दळायला येतं ते बेसन, नाहीतर दिवाळीच्या आधी भाजणी. आमच्या मजल्यावरच्या दहा खोल्यांपैकी चारांना बारा महिने कुलूप, एकीत इमिटेशन ज्वेलरीचा माल. मंडळाची वर्गणी विरार-नालासोपाऱ्याहून फोनवर येते. दहीहंडीच्या सरावाला खालच्या थराची पोरं शेवटच्या गाडीकडे डोळा ठेवून येतात आणि दहा वाजले की थर अर्धाच राहतो.

भाऊ म्हणतो, बाबा, खिडकीतून जरा बघा, समोर टॉवर उभा राहिला, गल्लीत स्कूटर लावायला जागा नाही आणि म्हणे ओस पडतंय! त्याचं गणित सरळ आहे. मुंबईत माणसं वाढतच जाणार, जमीन तेवढीच राहणार, म्हणून नवा फ्लॅट घ्यायचा, धरून ठेवायचा आणि दहा वर्षांनी विकायचा. बाबा तोवर आमच्याकडे.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. गिरगावात खरोखर माणसं कमी झालीत, की फक्त आपली, म्हणजे मराठी माणसं कमी झाल्यामुळे बाबांना तसं वाटतं? आणि भावाचं गणित बरोबर आहे का? इथे कुणी जाणकार असेल तर भावनिक न होता सांगा. भावनिक व्हायला घरात माणसं आहेत.

---

निवृत्त मास्तर

ताई, तुमच्या वडिलांचा अंदाज बरोबर आहे. गिरणीवाल्याच्या शटरवरून त्यांनी जे ओळखलं तेच जनगणनेतही दिसतं.

बेटावरची मुंबई, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा मुंबई शहर जिल्हा, १९७१ साली ३०.७० लाखांचा होता. १९८१ ला ३२.८५, १९९१ ला ३१.७५, २००१ ला ३३.३८ आणि २०११ ला ३०.८५ लाख. चाळीस वर्षं जिना चढ-उतर करून आपण त्याच पायरीवर. त्याच काळात उपनगर जिल्हा २९ लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेला, पण शेवटच्या दहा वर्षांत त्याचीही वाढ आठ टक्क्यांवर आली. आणि त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा, पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. २०११ मध्ये लोकसंख्येने तो देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता.

तुमच्या डी वॉर्डात, म्हणजे महापालिकेच्या गिरगावकडच्या विभागात, २००१ ते २०११ या काळात ३ लाख ८३ हजारांची ३ लाख ४७ हजार माणसं झाली. शेजारच्या सी वॉर्डात, म्हणजे काळबादेवी-भुलेश्वरकडे, २ लाख ३ हजारांची १ लाख ६६ हजार. हे फक्त मराठी माणसांचं नाही. गुजराती-मारवाडी कुटुंबंही तिथून मुलुंड, बोरिवली, भाईंदरला गेली. खाली दुकान ठेवलं, वरचं बिऱ्हाड हलवलं.

मी शिक्षक होतो, त्यामुळे जनगणनेची ड्यूटी चुकली नाही. चाळीत काम सोपं. एका खोलीत चहाला बसलं की मजला होतो. 'त्यांच्यात पाच धरा, धाकटा मालाडला गेला, तो नका धरू, म्हातारी गावाला गेलीय पण येणारे,' हे सगळं शेजारीणच सांगते. टॉवरमध्ये वॉचमन इंटरकॉम लावतो. 'मॅडम नाहीत.' परत गेलो, 'मॅडम नाहीत.' तिसऱ्या खेपेला त्यालाच विचारलं, बाबा रे, मॅडम असतात तरी कधी? म्हणाला, 'गाडी धुवायला ड्रायव्हर येतो, मॅडम नाही पाहिली.' खाली टपालाच्या पेट्यांत विजेची बिलं कोंबलेली, काही पेट्यांत तर जुन्यावर नवं.

फॉर्मात रिकामं घर वेगळं आणि कुलूपबंद घर वेगळं. कुणी राहतच नसेल तर रिकामं; राहणारे आहेत पण सध्या कुलूप आहे तर कुलूपबंद. मुंबईत या दोन्हींमधली रेघ मारता मारता घाम फुटतो. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत २०११ च्या जनगणनेवरून मुंबईतली रिकामी घरं सुमारे ४.८ लाख दिली आहेत, देशातल्या शहरांत सर्वांत जास्त. आणि त्याच जनगणनेत याच शहरातली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत.

तुमच्या मजल्यावरच्या चार कुलपांचं कारणही समजण्यासारखं आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ चा कायदा आला तेव्हा वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, पण मुळात काहीशे रुपये, त्याचे चार टक्के ते किती! मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला खोली बंद ठेवणं अगदी परवडतं. मुलं डोंबिवलीला गेली तरी हक्क सुटू नये म्हणून कुलूप. आज ना उद्या बिल्डर येईल. आला की नाही?

शिवाय १८० चौरस फुटांत पूर्वी किती माणसं राहायची ते वडिलांना विचारा. आई-बाप, चार मुलं, एक काका, आणि गावाहून आलेला गिरणीतला भाऊबंद पॅसेजमध्ये वळकटी टाकून. १९८२ च्या कापड गिरण्यांच्या संपानंतर तो भाऊबंद गेला. मग मुलांची लग्नं झाली. आता त्याच खोलीत दोन म्हातारी माणसं. घर एकच मोजलं जातं, माणसं आठाची दोन होतात. त्या जागी टॉवर आला की ५०० चौरस फुटांतही दोघंच, आणि विक्रीच्या १५०० चौरस फुटांत कधी तीन, कधी ड्रायव्हर.

म्हणून बंधूंना सांगा, माणसं वाढतात म्हणून भाव वाढतो, हे गणित बेटावर लागू नाही. चाळीस वर्षं माणसं तेवढीच आणि भाव मात्र कुठच्या कुठे. तिथे भाव चढतो तो पैसा कुठेतरी ठेवायचा म्हणून. तो पैसा उद्या दुसरीकडेही जाईल. वाढेलच असं मी म्हणणार नाही, पडेलच असंही नाही. पण 'लोकसंख्या' हे कारण त्यांनी यादीतून काढावं.

---

बदलापूर फास्ट

मास्तरांनी ज्या जिल्ह्यात माणसं वाढवली त्यातला मी एक. लालबागची खोली विकून आम्ही इकडे आलो. कुळगाव-बदलापूर २००१ ला ९८ हजार होतं, २०११ ला १ लाख ७४ हजार. त्यानंतर किती झालं ते सकाळी प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की कळतं.

लालबागच्या एका खोलीत इकडे दोन बेडरूम, हॉल, किचन, गॅलरीत तुळस. आई खूश. पण ताई, संध्याकाळी डोंबिवलीला उतरणारा माणूस आमच्या कर्जत गाडीत चढला तर त्याला दाराशी काय ऐकून घ्यावं लागतं ते तुमच्या यजमानांना विचारा. तुमच्याकडचेही काही कमी नाहीत, सकाळी सीट मिळावी म्हणून आधी उलटे डाऊन जातात आणि तिकडूनच बसून येतात!

माझा मुद्दा एवढाच की मुंबईची माणसं कमी झाली नाहीत, मुंबईची रात्र कमी झाली. दिवसा आम्ही सगळे तिथेच असतो. जनगणना आम्हाला जिथे झोपतो तिथे धरते. त्यामुळे भावाला गल्ली भरलेली दिसते तेही खोटं नाही.

---

रिहॅब विंगचा सेक्रेटरी

नव्या फ्लॅटमध्ये राहणं परवडेल का, याला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. परळला आमची चाळ पडून टॉवर झाला. ताबा मिळून सहा वर्षं झाली. चौसष्ट मूळ भाडेकरू होते, आज निम्मेही राहत नाहीत. काहींनी विकलं, काहींनी भाड्याने दिलं.

का गेले? मेंटेनन्स. चाळीत भाडं दोनशे, इकडे महिन्याला साडेसहा हजार. तीन लिफ्ट, फायर पंप, पाण्याचे पंप, बावीस मजल्यांच्या जिन्यातले दिवे, सगळं चालू ठेवायचं. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून महापालिकेचा मालमत्ता कर माफ आहे, तेवढा दिलासा. पण कर गेला म्हणून लिफ्टचं बिल जात नाही. पेन्शनवरच्या माणसाला साडेसहा हजार म्हणजे औषधांचे पैसे.

त्यामुळे नकाशात हॉल किती मोठा हे बघण्याआधी पुढचं विचारा. कॉर्पस, म्हणजे पुढच्या देखभालीसाठी बिल्डरने द्यायचा निधी, प्रत्येक घरामागे किती आणि तो सोसायटीच्या खात्यात कधी येणार? रिहॅब विंगची, म्हणजे मूळ भाडेकरूंच्या विंगची लिफ्ट विक्रीच्या विंगइतकीच चांगली आहे का? (आमची नाही. वर गेल्यावर झटका देते.) चाळ पाडल्यापासून ताब्यापर्यंतचं भाडं आगाऊ किती महिन्यांचं, आणि पुढच्याची बँक गॅरंटी आहे का? आमच्या बिल्डरने दुसऱ्या वर्षी भाडं थांबवलं. लोक मुलुंड-कळव्याला भाड्याने गेलेले, पोरांच्या शाळा तिकडे झालेल्या. ताबा मिळेपर्यंत पोरगी दहावीला. ती कुटुंबं परत आलीच नाहीत, फक्त फ्लॅट घ्यायला आली.

तुमचे बाबा एकटे आहेत का? असतील तर भावाचं नि त्यांचं भांडण फ्लॅटच्या भावाचं नाहीच. त्या चार-पाच वर्षांत ते कुठे राहणार, हे आधी ठरवा.

---

पेठेतला

आमच्याकडे महापालिकेने वेगळीच युक्ती काढलीय. माणसं हद्दीबाहेर जातात, मग हद्दच त्यांच्यामागे न्यायची. २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला २३. क्षेत्रफळात पुणे मुंबईच्या पुढे गेलं. त्यामुळे आमच्या एकूण आकड्यात घट दिसतच नाही. पण सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जागी इमारत झाली की वर क्लास, खाली बँक, मधे वाडामालक आणि त्यांचं कुत्रं. मुलं बाणेर किंवा बोस्टन. पिंपरी-चिंचवड २००१ ला दहा लाख होतं, २०११ ला सव्वासतरा, ते वेगळंच प्रकरण आहे.

मुंबईकरांनी रागावू नये, वाडा पाडताना मेंटेनन्सचा विचार आम्हीही केला नव्हता.

---

चाळकरीण

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचा प्रतिसाद बाबांनी मला मोठ्याने वाचायला लावला, दोनदा. डी वॉर्डाचा आकडा त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय, भावाला दाखवायला.

भाऊ म्हणतो, हे २०११ चे आकडे, त्यानंतर सगळं बदललं. मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, आता लोक परत येतील. त्याला काय सांगू?

सेक्रेटरीसाहेब, हो, बाबा एकटे आहेत. कॉर्पसचं मी काल बिल्डरच्या माणसाला विचारलं. 'मॅडम, ते नंतर बघू' म्हणाला. बँक गॅरंटी म्हटल्यावर तो चहा आणायला गेला. आता बाकीच्या भाडेकरूंना एकत्र बसवतेय. ज्यांनी सह्या केल्यात त्यांच्यातल्या चौघांनाही हे प्रश्न सुचले नव्हते. डोंबिवलीला यायला बाबा तयार नाहीत. चर्नी रोडला मावशीकडे एक खोली रिकामी आहे, तिथे म्हणतात. ती पण सेसचीच इमारत, लाकडी जिन्याची.

आणि मास्तर, बाबा विचारतात, आमच्या मजल्यावरची इमिटेशनची खोली तुम्ही कशात धरली असती?

---

निवृत्त मास्तर

ती राहत्या घरांत येत नाही. घराचा वापर विचारतात तिथे दुकान, गोदाम, कारखाना असे पर्याय असतात, त्यात गोदाम. रिकामी नाही आणि राहती नाही. मात्र रात्री तिथे कारागीर झोपत असतील तर माणसं म्हणून त्यांची नावं घ्यायची. आमच्या वेळी काळबादेवीकडे असे कारागीर पुष्कळ. शेठ सांगायचा कुणी झोपत नाही, आणि दाराआड वळकट्या रचलेल्या दिसायच्या.

बंधूंचा आक्षेप रास्त आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता घरयादी २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये, १ मार्च ही संदर्भ तारीख धरून. मेट्रोने माणसं परत आली का, ते त्यात कळेल. माझा कयास, परळ-वरळीत काही वाढ दिसेल. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं देणं सुरू झालंय, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या, आणि शेजारी विक्रीचे टॉवर होणार. सी वॉर्डात वाढ मला दिसत नाही.

वडिलांबद्दल एक. शिरगणती माणूस त्या वेळी जिथे राहतो तिथे होते, रेशन कार्ड कुठलं यावर नाही. फेब्रुवारी २०२७ मध्ये ते मावशींकडे असले तर गिरगावातच मोजले जातील. डोंबिवलीला तुमच्याकडे असले तर ठाणे जिल्ह्यात, आणि बंधू मग म्हणतील बघा, ठाणे वाढलं. मावशींच्या इमारतीला म्हाडाची धोकादायक म्हणून नोटीस आलेली नाही ना, एवढं आधी बघून घ्या. पावसाळ्याआधी यादी निघते.